टाकी खाली आहे

अनसूयावहिनींनी अर्धा मध्य प्रदेश पाहिला आहे. म्हणजे प्रत्येक रस्त्याचा अर्धा. पचमढीला जायचं म्हणून त्या आजवर कितीदा तरी घरातून निघाल्या, पण "पचमढी कशी आहे हो?" असं कुणी विचारलं तर त्या नरसिंहपूरचं वर्णन करतात. कान्हाच्या जंगलात त्यांना वाघ दिसला नाही, कारण जंगलच दिसलं नाही. खजुराहोची गोष्ट वेगळी. तिथल्या निम्म्या वाटेवरून परतल्यामुळे त्यांचा तो प्रवास फारच सभ्यपणे पार पडला.

याला कारण त्यांचे यजमान, गुणवंतराव पिंपळखुटे. चेरीतालला त्यांची आणि माझी भिंत एकच आहे, आणि ती पातळ आहे. त्यामुळे मी जे सांगतो आहे त्यात ऐकीव फार थोडं. बहुतेक स्वतःच्या कानांनी ऐकलेलं.

गुणवंतराव गाड्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. इतरांनी केलेल्या कामावर लाल खडूनं फुली मारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर खडू सुटला, हाताची खाज गेली नाही. माणूस खुर्चीत बसला की पाय हलतो, पाय थांबला की बोटं वाजतात, बोटं थांबली की उठून नळ बंद आहे का बघून येतो. पेन्शन सुरू झाली त्याच वर्षी त्यांनी फौजेच्या लिलावातून फिरत फिरत आलेली एक जुनी जोंगा जीप घेतली. चारही चाकांना जोर देणारी, पोटात मागाहून बसवलेलं डिझेलचं इंजिन असलेली. बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत ती नेली की लोक वाट देतात. आदरानं नव्हे, आवाजानं.

गाडीबद्दल तक्रार नव्हती. अडचण होती ती डिझेलची. गुणवंतरावांचा अख्ख्या राज्यात एकाच पेट्रोल पंपावर विश्वास आहे, आणि तो घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. बाकी सगळीकडे, त्यांच्या मते, डिझेलात रॉकेल असतं, रॉकेलात पाणी असतं, आणि पाण्यात काय असतं ते सांगण्यासारखं नसतं. त्यामुळे घरून टाकी भरून निघायचं आणि काटा अर्ध्यावर आला की गाडी वळवायची. समोर धबधबा असो की सासुरवाडी.

मागच्या हिवाळ्यात वहिनींच्या थोरल्या बहिणीचा, हेमलताताईंचा, अमरकंटकहून फोन आला. ताई तिथं शाळेत शिकवायच्या. यजमान गेल्यावरही त्या तिथंच राहिल्या. आता मुलगा आल्हाद त्यांना कायमचं रायपूरला न्यायला येणार होता. घर विकलं होतं. येत्या रविवारी जेवणं झाली की निघायचं.

भिंतीपलीकडून मला पुढचं स्पष्ट ऐकू आलं.

"मग रायपूरला जाऊन भेट की," गुणवंतराव म्हणाले. "ट्रेन आहे."

"रायपूरला आल्हादची आई भेटेल. मला हेमाताई भेटायची आहे. तिच्या ओसरीवर बसायचं आहे, ती तिथं आहे तोवर. रायपूरला गेलं की सुनेशी बोलावं लागतं, बहिणीशी नाही."

"तर मग अमरकंटकला बसनं—"

"बसनं मी केव्हाच गेली असती! काहून नाही गेली? तुम्हीच म्हणता दर वेळी, गाडी आहे ना, गाडी आहे ना. घर घेतल्यापासून बोलावून राहिली ती मला. तिची ओसरी मी फोटोत बघून राहिली." मग वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, या वेळी तुमची गाडी अर्ध्यातून वळली, तर मी तिथंच उतरीन."

या धमकीचा गुणवंतरावांवर खोल परिणाम झाला. दुसरा कुणी असता तर त्यानं वाटेतल्या पंपावर डिझेल भरायचं ठरवलं असतं. गुणवंतरावांनी गाडीला दुसरी टाकी बसवायची ठरवली.

हे काम रामकृष्ण मिस्त्रीनं केलं. रामकृष्णची ख्याती अशी, की तो कोणत्याही कामाला नाही म्हणत नाही आणि कोणतंही काम विचारून करत नाही. जुनी टाकी ड्रायव्हरच्या सीटमागे, उंचावर होती. नवी त्यानं मागच्या फळीखाली, दोन चाकांच्या मध्ये लटकवली. स्टिअरिंगच्या खाली पितळेचा एक खटका लावला. खटका एकीकडे फिरवला की इंजिन या टाकीतलं पितं, दुसरीकडे फिरवला की त्या. काटा मात्र एकच. ज्या टाकीवर खटका असेल तिचाच हिशेब तो सांगणार. दुसरीत काय चाललं आहे याची त्याला खबर नाही. मला ही व्यवस्था बऱ्याच संसारांसारखी वाटली, पण मी बोललो नाही.

आता खटक्याच्या दोन्ही बाजूंना नावं हवीत. रामकृष्ण ब्रश घेऊन तयार होता.

"एक, दो लिख दूँ बाबूजी?"

"नाही. जी टाकी वर आहे तिथं लिख 'वर'. जी खाली आहे तिथं लिख 'खाली'."

"'वर' मतलब?"

"ऊपर."

"तो 'ऊपर' ही लिख देते हैं न."

"घर की गाडी है, रामकृष्ण. घर की भाषा में चलेगी."

रामकृष्णनं पांढऱ्या रंगात सुबक अक्षरांत 'वर' लिहिलं, 'खाली' लिहिलं. दुसऱ्या शब्दाचा अर्थ त्यानं विचारला नाही. तो आपल्याला कळला आहे असं त्याला वाटलं.

शुक्रवारी सकाळी दोन्ही टाक्या भरल्या, आणि गुणवंतराव जे अस्वस्थ झाले ते रविवारपर्यंत. त्यांनी चाचणी म्हणून नव्या टाकीवर भेडाघाटची चक्कर मारली. ठरवलेल्या जागी, म्हणजे अर्थातच अर्ध्या वाटेवर, वळून आले. आले ते तोंड पाडून.

"मोहनराव," अंगणाच्या भिंतीवरून मान काढून ते मला म्हणाले, "खालची टाकी पिऊन राहिली हो. काटा असा पडून राहिला, जसा कुणी धरून ओढून राहिला."

"गळत असेल."

"गाडीखाली कागद पसरून पाहिलं. थेंब नाही. फक्त वरच्या टाकीच्या झाकणापाशी ओलं होतं, ते त्या पंपवाल्या पोरानं काठोकाठ भरलं म्हणून."

मग त्यांनी वरच्या टाकीवर तेवढीच चक्कर मारली. काटा जागचा हलायला तयार नाही. एक टाकी साध्वी, दुसरी खादाड. मला यंत्रातलं काही कळत नाही, म्हणून मी सरळ विचारलं, "इंजिन एकच आहे ना? मग त्याला काय माहीत डिझेल कोणत्या टाकीतलं आहे?"

गुणवंतरावांनी माझ्याकडे फुली मारण्याच्या नजरेनं पाहिलं.

"खालच्या टाकीतलं डिझेल इंजिनाला वर ओढून घ्यावं लागतं. चढावर ताकद लागते. तुम्ही जिना चढता तेव्हा दमता की नाही?"

मी दमतो. त्यामुळे वाद संपला.

शनिवारपर्यंत त्यांचे सिद्धांत वाढत गेले. भरलेल्या दुसऱ्या टाकीचं वजन म्हणजे मागे एक धट्टाकट्टा माणूस कायम बसलेला. तो काही बोलत नाही, पण त्याला ओढावं लागतं. एवढं खरं होतं. म्हणून मग वजन कमी करायला त्यांनी मागचं बाकडं काढलं, जॅक काढला, वहिनींनी पुन्हा जॅक ठेवला. पुढच्या चाकांचा जोर सोडून ठेवला, कारण चारही चाकं ओढायला लागली की तेल जास्त जातं. चाकांत हवा भरली, मग जास्त झाली म्हणून सोडली, मग परत भरली. वहिनींनी बहिणीसाठी बडा फुहाऱ्यावरून खव्याची जिलबी आणली तर त्यांनी तो डबा हातात धरून तोलला. मी बरोबर जाणार होतो. त्यांनी माझ्याकडेही तसंच पाहिलं.

"मोहनरावांना ठेवून जायचं?" असं मला भिंतीतून ऐकू आलं.

"ते चाललेत म्हणून तर तुम्ही वाटेत भांडणार नाही," वहिनी म्हणाल्या. वहिनींचा स्वभाव मुळात आशावादी आहे.

रविवारी पहाटेच दोन्ही टाक्या पुन्हा काठोकाठ भरून निघालो. गुणवंतराव चालवायला, शेजारी वहिनी, मागे, बाकडं काढलेल्या जागी सतरंजीवर, मी आणि त्यांची मुलगी ऋचा. ऋचा इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहते, त्यामुळे नवी टाकी तिनं पाहिलेली नव्हती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना तिचा पाय सारखा हिंदीवर घसरतो. बापाला थकवा आला तर गाडी हाती घ्यायला म्हणून वहिनींनी तिला घेतली होती. गुणवंतरावांना थकवा येत नाही हे वहिनींना ठाऊक होतं. म्हणजे तिला घेण्यामागे त्यांचं काही वेगळंच कारण असावं.

गाडी वरच्या टाकीवर चालली होती आणि कुंडम येईपर्यंत गुणवंतराव जिभेनं दाढ चाचपत राहिले. शहपुऱ्याच्या अलीकडे काटा अर्ध्याकडे सरकायला लागला. आणि मला दिसलं, की त्यांचे हात स्टिअरिंगवर असे शिवशिवताहेत जसं गाडीला आपलं आपण वळायचं आहे आणि ते तिला आवरून धरताहेत. सवय असते हो शरीराला.

"बाबा, सामने देखो ना," ऋचा म्हणाली.

"पाहून राहिलो."

"काट्याकडे पाहून राहिलात," वहिनी म्हणाल्या.

काटा अर्ध्याला टेकला आणि थोडा खाली गेला. एवढ्या लांब गुणवंतरावांचा काटा आयुष्यात गेला नव्हता. त्यांनी गाडी बाजूला घेतली, कपाळ पुसलं आणि खटका फिरवला. "वरची तशीच ठेवतो. परतीला. हात नाही लावायचा तिला. आता खालची काय ती संपू दे." नव्या टाकीचा काटा ऐटीत भरलेल्या खुणेवर जाऊन उभा राहिला, आणि गाडी निघाली तसा उतरायला लागला.

त्यात वहिनींचा फोन वाजायचा. हेमलताताई दर थोड्या वेळानं विचारत: कुठे आलात? आल्हाद लवकर आवरतोय, प्रणोतीला रात्रीच्या आत घरी पोचायचं आहे. प्रणोती म्हणजे त्याची बायको. "येऊन राहिलो ताई, दिंडोरी आलीच," वहिनी सांगत, आणि फोन ठेवून नवऱ्याकडे बघत. नवरा काट्याकडे बघे. मी जिलबीच्या डब्याकडे बघत होतो, कारण बाकी कुठे बघणं धोक्याचं होतं.

दिंडोरीला चहाला थांबलो तेव्हा खालची टाकी अर्धी झाली होती. गुणवंतरावांनी चहा उभ्यानं घेतला, दोन घोट पिऊन गाडीभोवती फिरून आले, खाली वाकून पाहिलं, आणि कुठेच काही गळत नाही म्हणून फार दुःखी झाले. गळत असतं तर निदान कुणाला तरी बोलता आलं असतं.

समोरच एक पेट्रोल पंप होता. नवाकोरा, रंगीत पताका लावलेला. आम्ही तिघांनी त्याच्याकडे पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं.

"बोलूही नका," गुणवंतराव म्हणाले.

गाडासरई मागे पडलं. रस्त्याला दोन्ही बाजूंनी सालाची झाडं लागली, चढ सुरू झाला, आणि करंजियाच्या पुढे एका वळणावर गुणवंतरावांनी गाडी थांबवली. काटा तळाला टेकला होता.

"वळवतो," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "वरच्यात अर्ध्यापेक्षा कमी आहे. आत्ता वळलो तर शहपुऱ्याच्या आसपास तरी जाऊ. तिथून बघता येईल काहीतरी. पुढं गेलो तर अमरकंटकला अडकलो. रानात. नाही अनसूया, मी सगळं करून पाहिलं."

वहिनी दार उघडून खाली उतरल्या. माझ्या मांडीवरचा जिलबीचा डबा काढून घेतला, पदर खोचला आणि रस्त्याच्या कडेनं चढ चढायला लागल्या.

"अगं, बस इथं थांबत नाही!"

"चालत जाईन."

"चालत? किती लांब आहे माहीत आहे?"

"मला कसं माहीत असणार? मी कधी गेली आहे का तिथपर्यंत?"

गुणवंतराव उतरले, त्यांच्या मागे चार पावलं गेले, परत आले, दुसऱ्या बाजूला गेले, एका सालाच्या झाडाला कारण नसताना लाथ मारली, आणि मग तंगड्या टाकत रस्त्याच्या खालच्या अंगाला निघून गेले. नवरा उताराला, बायको चढाला. मध्ये मी.

"चलो, बहुत हो गया," ऋचा म्हणाली आणि उडी मारून स्टिअरिंगवर बसली. किल्ली फिरवून तिनं काट्याकडे पाहिलं, मग खाली वाकून खटक्याकडे पाहिलं. तिचा चेहरा बदलला.

"काका! हे पाहिलं? बाबांनी लिहूनच ठेवलंय!" आणि मान बाहेर काढून ती ओरडली, "बाबा! टाकी खाली आहे!"

"मला माहीत आहे खाली आहे!" लांबून उत्तर आलं. "मीच बसवली!"

"अरे, खाली है तो उस पर काहून चलवून राहिले?"

"खाली नाही तर कुठे असणार? छपरावर?"

"बाबा, खाली मतलब एम्प्टी!"

"एम्प्टी तर आता झाली! खाली ती पहिल्यापासूनच आहे!"

चढावर वहिनी थांबल्या होत्या. मला दोन्हीकडचं पटत होतं, त्यामुळे मी कुणाच्याच उपयोगाचा नव्हतो. ऋचानं कपाळावर हात मारला. "हद है. आधीच खाली टंकी, तीवर नाव लिहून गाडी चालवतात. और ये दूसरी क्या है? 'वर'? दूल्हा?" असं म्हणून तिनं खटका दुल्ह्याच्या बाजूला फिरवला.

काटा हलला. तळापासून उठला, पावावर आला, अर्ध्यावर आला. तिथं थांबेल असं मला वाटलं, कारण तिथं तरी तो थांबायलाच हवा होता. तो थांबला नाही. अर्धा ओलांडून तो आरामात वर गेला आणि भरलेल्या खुणेच्या जरा अलीकडे जाऊन स्थिर झाला.

"गुणवंतराव," मी हाक मारली, "जरा इकडे या."

ते आले. त्यांनी पाहिलं. काचेवर टिचकी मारली. काटा तसाच. किल्ली बंद करून चालू केली. काटा तसाच. शहपुऱ्याला अर्ध्याच्या खाली सोडलेली टाकी, कुणी हात न लावता, रानातल्या रस्त्यावर भरली होती.

वहिनी परत आल्या होत्या. त्यांनी काटा पाहिला आणि डबा कपाळाला लावला. "नर्मदामाई!" त्या म्हणाल्या.

गुणवंतरावांच्या चेहऱ्यावर मात्र भक्ती नव्हती. डोळे बारीक झाले होते. "दिंडोरीला," ते हळूच म्हणाले, "मी गाडीखाली वाकलो होतो तेव्हा कुणी भरलं?"

"काय?"

"तुम्ही तिघांनी मिळून. त्या पताकावाल्याकडून. माझ्या पाठीमागे, माझ्या गाडीत, त्या माणसाचं डिझेल!"

"गुणवंतराव, तुम्ही गाडी सोडून हललाच नव्हतात," मी म्हणालो.

"हे तुम्ही बोलून राहिलात मोहनराव? भिंतीला भिंत असून?"

सासुरवाडीचा अपमान माणूस विसरतो, डिझेलचा नाही. ते तसेच जमिनीवर आडवे झाले आणि नव्या डिझेलचा वास घ्यायला की काय, गाडीखाली शिरले. बराच वेळ फक्त पाय दिसत होते. पाय आधी रागात होते. मग हळूहळू निवले. मग डाव्या पायाचा अंगठा, चप्पल निसटलेला, उभा राहिला.

"ऋचा," गाडीखालून आवाज आला, "इंजिन चालू कर. खटका 'खाली'वर कर."

"खाली है ना वो?"

"थोडं असतंच तळाला! कर." इंजिन चालू झालं. "आता 'वर' कर." ते थांबले. "पुन्हा 'खाली'."

ते बाहेर आले ते कोपरापर्यंत काळे होऊन, आणि असं हसत, की मी गेल्या तीन दिवसांत त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

"परतीची नळी!" ते म्हणाले. "अरे, इंजिन लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल ओढून घेतं. जळायचं तेवढं जळतं आणि उरलेलं दुसऱ्या नळीनं टाकीत परत जातं. एक येण्याची नळी, एक परतीची. खटका फिरवला की दोन्ही बदलायला पाहिजेत. या रामकृष्णनं एकच जोडली, येण्याची! परतीची जुन्या टाकीतच ठेवली. खालच्या टाकीतलं ओढून राहिलो आणि उरलेलं सगळं वरच्यात जाऊन राहिलं. आत्ताही बोट लावून पाहिलं. खटका कुठेही फिरवा, उरलेलं वरच जातं!"

वहिनी क्षणभर विचार करत राहिल्या. "म्हणजे घ्यायचं सासरचं आणि उरलंसुरलं माहेरी नेऊन टाकायचं."

"अगदी तस्सं!"

"मग गाडीत काही वाईट नाही हो."

"आणि ॲव्हरेज?" मी विचारलं.

गुणवंतरावांचं हसू हळूहळू मावळलं. "ॲव्हरेज तेच आहे," ते म्हणाले. "दोन्हींचं एकच. पहिल्यापासून. म्हणजे त्या जास्तीच्या वजनापुरता काय तो फरक." चढाचा सिद्धांत गेला, हवेचा गेला, बाकड्याचा गेला. तीन दिवसांत उभं केलेलं सगळं घर पडलेलं मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मग एकदम उजळून ते म्हणाले, "आत्ता सरळ मागे फिरलो, तर रामकृष्ण दुकान बंद करायच्या आत त्याला—"

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं. वहिनी फक्त "बरं" म्हणाल्या, मग "बरं ताई" म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

"सामान गाडीत ठेवलं. निघून राहिले ते."

आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चिडून नाही. तशा पाहण्याची गुणवंतरावांना सवय होती. हे पाहणं वेगळं होतं. पुढं काही मागायचंच नाही असं ठरवलेलं माणूस पाहतं तसं.

गुणवंतरावांचा पाय हलायचा थांबला. त्यांनी रस्त्याचा चढ पाहिला, उतार पाहिला.

"ऋचा, सरक," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी गाडी जशी हाणली तशी फौजेतही कुणी हाणली नसेल. पुढच्या चाकांना जोर दिला, म्हणजे तेल जास्त जाणार हे माहीत असून दिला. कबीर चबुतऱ्याच्या वळणांवर मी आणि जॅक एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जात होतो. वहिनींनी एका हातानं डबा धरला होता आणि दुसऱ्यानं फोन. "ताई, त्याला म्हणावं चहा घे. त्याला म्हणावं गॅस बंद केला का बघ. काहीही म्हण." काट्याकडे कुणी पाहत नव्हतं. मी पाहत होतो, पण सांगितलं नाही.

हेमलताताईंचं घर उताराला होतं. फाटकात आल्हादची पांढरी गाडी तोंड बाहेर करून उभी, डिकी बंद, आल्हाद हातात किल्ली फिरवत. प्रणोती आत बसलेली. ओसरीवर हेमलताताई, अंगात प्रवासाचा स्वेटर, पायात मोजे. गुणवंतरावांनी जोंगा फाटकात आडवी घातली आणि इंजिन बंद केलं.

दोघी बहिणी काही धावल्या वगैरे नाहीत. वहिनी पायरी चढल्या, ताई म्हणाल्या, "अगं, किती काळी झालीस," आणि वहिनी ओसरीवर बसल्या.

"मावशी, आलात बरं झालं," आल्हाद म्हणाला. मुलगा चांगला आहे, फक्त घाईत होता. "पाच मिनिटं बसा, मग आम्हाला निघायलाच हवं. काका, गाडी जरा मागे घेता?"

"घेतो ना," गुणवंतराव म्हणाले. "पण अशी नाही घेता येत. परतीची नळी उलट आहे तिची."

"म्हणजे?"

"म्हणजे तू असा इकडे ये. इंजिनिअर आहेस ना? मग तुला दोन मिनिटांत कळेल." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मोठ्या मायेनं त्याला खाली वाकवलं, आणि मामा-भाचे नसूनही दोघे शेजारी शेजारी गाडीखाली दिसेनासे झाले. पान्ह्यानं नट फिरवल्याचा आवाज आला. "आता ही मी सोडली. इथं अंगठा धर. घट्ट. सोडू नकोस, नाही तर सगळं डिझेल तुझ्या तोंडावर."

"काका, किती वेळ?"

"झालंच."

मी खाली वाकून पाहिलं. नळी परत बसवायला फारसं काही करायचं नव्हतं, एवढं मलाही दिसत होतं. आल्हाद उताणा, अंगठा वर, हालचाल करायची सोय नाही. गुणवंतराव त्याला निवांतपणे सांगत होते, की टाक्या दोन असल्या म्हणून डिझेल दुप्पट लागत नाही, लोकांना उगीच तसं वाटतं. माणूस दुप्पट लांब जातो, म्हणून दुप्पट लागतं.

ते सरपटत माझ्या बाजूला आले आणि कुजबुजले, "मोहनराव, बहिणींना किती वेळ लागतो हो?"

"ते कसं सांगणार?"

"मला अंदाज नाही. आम्ही कधी पोचलोच नाही ना." आणि पान्हा घेऊन परत आत गेले.

प्रणोतीनं गाडीतून हाक मारली, "अहो, निघायचंय ना?" गाडीखालून आल्हादचा घुसमटलेला आवाज आला, "हो, पण अंगठा!" ऋचानं तिला बाहेर काढलं आणि नर्मदेचं कुंड बघायला घेऊन गेली.

मी ओसरीकडे पाहिलं. तिथं फार काही चाललं नव्हतं. कपबशा सगळ्या खोक्यांत गेल्या होत्या. ताईंनी मागे राहिलेल्या एका पातेल्यात चहा केला होता. गाळणी नव्हती, म्हणून पदरानं गाळला. पेला एकच होता. एकीनं घोट घ्यायचा, दुसरीकडे द्यायचा. मध्ये जिलबीचा डबा उघडा होता. वहिनी समोरच्या डोंगराकडे बघत होत्या, ताई वहिनींकडे. पेला तेवढा इकडून तिकडे जात होता.